डोलकाठी सुटेना

"काका, एवढं मात्र उद्या सकाळी नक्की करा हं," रिक्षात एक पाय ठेवून तेजश्री म्हणाली. "ही डोलकाठी आणि तिच्या बुडातला ॲल्युमिनियमचा पाइप वेगळा करायचा, दोन्ही गोड्या पाण्यानं धुवायचे. आजच समुद्रातून आलंय सगळं."

"मला शिकवतेस?" मालोजी हसले. "बावीस वर्षं हेच करतोय गो मी. जा, वीर स्टेशनवर गाडी चुकेल."

त्यात खोटं काही नव्हतं. मालोजी महाडच्या एका कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर होते. दर वर्षी सुरक्षा सप्ताहात त्यांचं भाषण ठरलेलं असे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी शिरलं, की त्यातला दुबळा धातू झिजलाच समजा. म्हणून मध्ये प्लास्टिक घाला, ग्रीस लावा, मीठ धुवून टाका. कार्बन धातू नव्हे, पण ॲल्युमिनियमला तो धातूइतकाच छळतो, हेही ते न चुकता सांगत.

तेजश्री ही त्यांच्या मुंबईतल्या भावाची मुलगी. फळीवर शीड उभारून वाऱ्याच्या जोरावर समुद्रात धावायचा खेळ ती श्रीवर्धनला शिकत होती. काळी कार्बनची डोलकाठी क्लबची होती. तेजश्रीची परीक्षा संपेपर्यंत काठी महाडजवळच्या नाते गावी काकांकडे राहणार होती, कारण काकांइतकं त्यातलं कळणारं माणूस खानदानात दुसरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालोजींची पहिली पाळी होती. तिसऱ्या दिवशी गावकीची बैठक निघाली. चौथ्या दिवशी त्यांच्या बायकोनं, बनुबाईंनी, डोलकाठी पडवीतल्या दोन खुंट्यांवर आडवी टाकली आणि तिच्यावर गोधड्या वाळत घातल्या. गोधड्यांखाली ती दिसेनाशी झाली, तशी मालोजींच्या डोक्यातूनही गेली.

आठव्या दिवशी तेजश्रीचा फोन आला.

"काका, धुतलं ना?"

"धुतलं."

"पाइप निघाला?"

"निघाला की. बाजूलाच ठेवलाय."

"आणि ग्रीस?"

"लावलं गो!"

फोन ठेवल्यावर मालोजींचं त्यांनाच नवल वाटलं. पाव मिनिटात तीन थापा, आणि त्याही एवढ्याशा पोरीला. आजच करून टाकू, म्हणजे थापा थापा राहणार नाहीत, असं त्यांनी ठरवलं. मग ते जेवले आणि झोपले.

पंधराव्या दिवशी, शनिवारी सकाळी, पुन्हा फोन. "काका, उद्या शर्यत. मी आमच्या कोच मॅडमच्या टेम्पोतून येतेय, तासाभरात पोचू. तुम्ही सगळं किती छान ठेवलंय ते मी मॅडमना सांगितलंय. त्यांना तुमचा व्हिडिओ करायचाय, क्लबच्या मुलींना दाखवायला."

मालोजींनी गोधड्या ओढून काढल्या. काठी गुडघ्यात धरून पाइप पिळला. पाइप हलला नाही. जोडाच्या कडेला पांढरा भुगा साचला होता. तो भुगा त्यांच्या ओळखीचा होता. भाषणात दाखवायच्या फोटोंमध्ये त्याचाच फोटो पहिला असे.

त्यांनी शेजारच्या चांगूला हाक मारली. एका टोकाला चांगू, दुसऱ्या टोकाला मालोजी. "येक, दोन, तीन!" चांगूचा हात सटकला आणि तो पाठीवर वालाच्या वाफ्यात पडला.

"काय घुसवलायस ह्याच्यात, मालोजी?"

"बोलू नको. पाणी तापव."

उकळतं पाणी तीनदा ओतून झालं. चांगूनं पाइप पिळून पाहिला आणि मान हलवली. "आता तर लयच घट झाला रे."

तेव्हा कुठे मालोजींच्या लक्षात आलं. पाइप आत, कार्बन बाहेर. तापल्यावर ॲल्युमिनियम फुगणार, कार्बन तसाच राहणार. म्हणजे तीन पातेली पाणी ओतून त्यांनी पाइप आणखी आवळून बसवला होता. तेवढ्यात अंगणात टेम्पो थांबला.

प्रियदर्शिनी मॅडम फोन हातात धरूनच उतरल्या, मागोमाग तेजश्री. "सर, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. फक्त एवढंच दाखवा, नीट सांभाळलेला जोड एका हातानं कसा सुटतो."

"आधी चहा घेऊ," मालोजी म्हणाले.

"घेऊ की. आधी हे."

मालोजींनी काठी हातात घेतली. तेवढ्यात बनुबाई बाहेर आल्या. "आवो, गोधड्या का काढल्या? धा-बारा दिस तितंच वाळवतेय मी. तुमी तर त्या काठीला हातबी लावला नाय!"

चांगू पाठीची माती झाडू लागला.

"मी धुतलं नाही," मालोजी म्हणाले. नजर पायाच्या अंगठ्यावर. "काढलंही नाही. फोनवर खोटं बोललो."

मॅडमनी फोन खाली केला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "घरात बर्फ आहे?"

फ्रीजमधला सगळा बर्फ फोडून पाइपात भरला. वीस मिनिटांनी मॅडमनी दोन्ही हातांनी एक झटका दिला आणि कडाड आवाज करत पाइप बाहेर आला, वाळवी लागल्यासारखा खड्ड्याखड्ड्यांचा.

"काठी वाचली. पाइप गेला, पण टेम्पोत दुसरा आहे," त्या म्हणाल्या. "बर्फ का, ते तुम्हाला माहीतच असेल, सर."

"आहे," मालोजी म्हणाले. तो 'सर' त्यांच्या कानशिलात बसला.

काठी धुवायला ते मागच्या नळापाशी गेले. तेजश्री मागोमाग आली आणि उकिडवी बसली. तिचा चेहरा पडला होता.

"काका, एक सांगू? मी ठेवून गेले तेव्हाच तो अडकलेला होता. महिना झाला होता. मॅडम विचारायच्या, आणि मी दर आठवड्याला सांगायचे, काढून धुते म्हणून. वाटलं, तुम्ही गुपचूप काढाल. तुम्ही फोनवर 'बाजूलाच ठेवलाय' म्हणालात ना, तेव्हा इतकं हायसं वाटलं! म्हणून तर मॅडमना घेऊन आले."

मालोजींना क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच. पहिल्या दिवशी त्या पाइपाला नुसता हात लावला असता, तरी हे त्यांना तिथल्या तिथे कळलं असतं. पोरीनं सांगितलं नाही, आणि त्यांनी पाहिलं नाही.

"मॅडमना सांगू का मी?" तेजश्रीनं हळूच विचारलं.

त्यांनी उत्तर द्यायच्या आत अंगणातून मॅडमची हाक आली. "झालं का धुवून?"

"झालं!" दोघं एकदम ओरडले.

मालोजींनी तेजश्रीकडे पाहिलं. तिनं जमिनीकडे. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेल्या मालोजींनी मग पुढे होऊन अजून बंदच असलेला नळ सोडला.