मालकांचं नाव आणि फोनचं कुलूप

आमच्या शालूला पहिली मुलगी झाली, ते साल दोन हजार बावीस. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. तेव्हा मी घरात छातीठोकपणे सांगितलं की मोबाईलचं कुलूप मी काढते, कुणी मध्ये पडायचं नाही. घरात माणसं दोन. एक माझे मालक, त्यांची अर्धांगानं वाचा गेलेली. दुसरा पुतण्या माऊली, त्याचं कुणी ऐकत नाही. त्यामुळे विरोध असा काही झालाच नाही!

माझा तोरा अगदीच फुकटचा नव्हता. पन्नाशी उलटल्यावर मी गावच्या साक्षरता वर्गात जाऊन अक्षरं शिकले. बसची पाटी, खताची गोणी, औषधाची बाटली, जे समोर येईल ते मी वाचत सुटते. एवढं शिकल्यावर तळहाताएवढ्या डबीला काय भ्यायचं?

त्या डबीची गोष्ट अशी. मालकांनी धडधाकट असताना तो फोन जालन्याहून आणला होता. कंपनीनं फोन आणि सिम जोडीनंच दिलं, आणि जोडी अशी पक्की की दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं की फोन आजारी बैलासारखा मान टाकायचा. त्या कंपनीची रेंज आमच्या गावात एकाच ठिकाणी मिळते, पाण्याच्या टाकीच्या वरच्या पायरीवर. दुसऱ्या एका कंपनीचा टॉवर मात्र शाळेमागे उभा राहिला होता. तिची रेंज आमच्या अंगणात मोप. फक्त फोनचं कुलूप निघायला हवं होतं.

आणि ते लवकर निघायला हवं होतं. आषाढी अमावस्येला मालक गोठ्यात पडले. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, बोलणं बंद झालं. दुसरा झटका कधीही येईल, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. शालूचं पहिलं बाळंतपण खरं तर आमच्याकडे व्हायचं. पण अंथरुणावरच्या माणसाचं करू की बाळंतिणीचं, म्हणून तिच्या सासरच्यांनी तिला चाकणलाच ठेवलं. नातीचं तोंड मालकांनी पाहिलं नव्हतं. शालू फोनवर दाखवायला तयार होती. पण टाकीच्या पायऱ्या चढवून मालकांना वर न्यायचं कसं? शेजाऱ्यांचे फोन होते, पण परकं माणूस अंगणात आलं की मालक डाव्या हातानं उपरणं तोंडावर ओढून घ्यायचे. आपलं वाकडं तोंड कुणी बघू नये, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. नात दाखवायची तर आमच्या घरात, आमच्याच फोनवर.

कुंभार पिंपळगावच्या बाजारात सोमेश्वरचं मोबाईलचं दुकान आहे. त्यानं सांगितलं, हे कुलूप कंपनी स्वतःच काढून देते, फक्त फोन ज्याच्या नावावर आहे त्यानं कंपनीला फोन करायचा. मी म्हटलं, ते बोलू शकत नाहीत. सोमेश्वर म्हणाला, मग त्यांच्या नावानं कुणा पुरुषानं बोलावं, त्यांना काय दिसतंय.

माऊली टाकीवर चढला आणि मालक होऊन बोलला. सुरुवात झकास झाली. आवाज असा जाड केला की खाली बांधलेली म्हैस उठून उभी राहिली. मग कंपनीच्या माणसानं जन्मतारीख विचारली. माऊलीनं सांगितलं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. फोन तिकडून बंद झाला.

आता मी चढले. सगळ्यात वरच्या पायरीवर बसले, पदर खोचला, नंबर दाबला. यावेळी एक मुलगी बोलली. आवाज गोड होता. मी कोण, ते तिनं विचारलं. मी म्हटलं, ज्यांचा फोन आहे त्यांची मंडळी.

"ठीक आहे काकू. ग्राहकाचं पूर्ण नाव सांगा."

इथं माझं घोडं अडलं. आमच्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. साक्षरता वर्गात मी फळ्यावर पहिल्यांदा त्यांचंच नाव लिहिलं होतं. बाईंनी कौतुकानं म्हटलं, आता मोठ्यानं वाचा. मी पाटी तिथंच ठेवून घरी निघून आले होते. लिहायला हरकत नाही, बोलायचं नाही.

पायरीखालून माऊलीनं नाव ओरडून सांगितलं. मुलगी म्हणाली, मागून कुणी सांगितलेलं चालत नाही, तुम्ही स्वतः सांगा.

उखाण्यात नाव घेतलेलं चालतं, हे मला आठवलं. लग्नात घेतलेला उखाणा मी म्हणायला लागले. "ज्वारीच्या राशीवर ठेवलं सूप..." दुसऱ्या ओळीत नाव येतं. लग्नात ती ओळ म्हटली तेव्हा भोवती वीस बायका हसत होत्या, आणि समोर तरणाबांड नवरा उभा होता. आता मी पाण्याच्या टाकीवर एकटी. पहिलीच ओळ मी दोनदा म्हटली, पुढचा शब्द काही निघेना.

तिकडची मुलगी मग हळूच म्हणाली, "काकू, ग्राहकाला फोन देता येईल का?"

"न्हाई वं माय. ते आता बोलत न्हाईत."

"कधीपासून?"

"आषाढी अमावस्येपासून."

मला रडू आलं. त्या बिचारीचाही आवाज ओला झाला. म्हणाली, काकू, नाव राहू द्या, मी समजले. तुमचं नाव सांगा, मी वारस म्हणून करून देते. फोनचं कुलूप दोन दिवसांत निघेल, जुना नंबर मात्र बंद होईल. या दुःखात कंपनी तुमच्यासोबत आहे.

मी भरून पावले. मालक पडल्यापासून आमच्या सोयऱ्यांपैकी कुणी दुःखात सोबत आहे असं म्हटलं नव्हतं. आणि ही कंपनी, कुठली कोण! खाली उतरून मी माऊलीला सांगितलं, असं काम करावं लागतं. घरी येऊन मालकांना म्हटलं, परवा नात बघायची, दाढी करून घ्या. त्यांनी डावा हात गालावरून फिरवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी माऊली नवं सिम आणायला बाजारला गेला. मी मालकांना अंगणात खाटेवर बसवलं आणि त्यांच्या उजव्या हाताला तेल चोळायला घेतलं. तो हात थंडच असायचा, चोळला तरी.

दुपार कलली आणि वेशीकडून रडणं ऐकू आलं. बाया रडतात तसं, सूर लावून. कुणाच्या घरी काय झालं म्हणून मी उठले. तेवढ्यात जीप आमच्याच दारात थांबली. टपावर चार हिरवे बांबू. पुढं माऊली, मांडीवर मडकं आणि पांढरं कापड. मागून उतरली शालू, सव्वा महिन्याच्या आतलं लेकरू पोटाशी धरून.

"दादाऽऽ, मला सोडून कसे गेलात वं!"

आजूबाजूच्या घरांतल्या बाया बांबू बघून निघाल्याच होत्या. रडणाऱ्या लेकीला साथ द्यायची ही आमची रीत. कोण गेलं, हे नंतर विचारायचं. शेजारची केशरबाई माझ्या गळ्यात पडून म्हणाली, असं कसं झालं गं एकाएकी. मालक तिच्यापासून तीन हातांवर बसले होते. सकाळीच तिनं त्यांना ताक आणून दिलं होतं!

झालं होतं असं. शालूचा नंबर कंपनीकडे दुसरा नंबर म्हणून होता. तिला कंपनीचा निरोप गेला. तिनं घाबरून वडिलांना फोन लावला, तर ही सेवा बंद झाली आहे, असं फोनमधल्या बाईनं सांगितलं. माऊलीचा बटणांचा साधा फोन नेहमीप्रमाणे पिठाच्या गिरणीत चार्जिंगला. तिथं मेलेला उठला तरी ऐकू येत नाही. ती निघाली. पिंपळगावात तिला माऊली भेटला. तिनं रडत सांगितलं, दादा गेले. माऊलीला वाटलं, आपण सकाळी निघाल्यावर गेले असतील. त्यानं पुढचं सामान घेतलं आणि जीपमध्ये बसला. माझा पुतण्या कामाला चोख आहे, फक्त विचारत नाही.

शालू वळली आणि तिला खाट दिसली. तिचं रडणं मध्येच तुटलं. मालक बांबूंकडे बघत होते. मग कापडाकडे. अंगण माणसांनी भरलेलं, सगळ्यांची नजर त्यांच्या तोंडावर, आणि उपरणं खाली पडलेलं. मला वाटलं, आता हे भिंतीकडे तोंड करतील. पण शालूनं पुढं होऊन लेकरू त्यांच्या डाव्या हातावर ठेवलं. मग त्यांना दुसरं काही दिसेना.

लेकरू वाकड्या तोंडाकडे टक लावून बघत राहिलं. त्याला काय माहीत, सरळ तोंड कसं असतं.

शालूनं मला तो निरोप दाखवला. मी अक्षर लावून लावून वाचला. निधन, असं छापलं होतं, आणि तारीख आषाढी अमावस्येची. माझ्या डोक्यात तिडीक गेली. शालूच्या फोनला आमच्या अंगणात रेंज होती. मी तिथूनच कंपनीला लावला. यावेळी पुरुष बोलला. त्यानंही तेच विचारलं, ग्राहकाचं पूर्ण नाव.

समोर ते बांबू. मी सगळ्या गावासमोर मोठ्यानं म्हटलं:

"भुजंग सखाराम उढाण. माझे मालक. जित्ते हाईत. आत्ता नात घेऊन बसलेत."

बायांनी तोंडाला पदर लावले. खाटेवरून एक आवाज आला. मालक हसत होते, अर्ध्या तोंडानं, छाती हलवून. लग्नानंतर त्यांनी माझ्या तोंडून आपलं नाव ऐकलं नव्हतं. ते लेकरू त्या हसण्यानं दचकलं आणि रडायला लागलं.

कंपनीचा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, मृत नोंद झालेला ग्राहक परत सुरू करता येत नाही. त्यासाठी ग्राहकानं स्वतः फोन करून बोलावं लागेल."

मी फोन ठेवला. माणसांनी चहा घेतला. बांबू घरात आणायचे नसतात, म्हणून माऊलीनं ते ओढ्याच्या पलीकडे नेऊन टाकले. संध्याकाळी नवं सिम घालून बघितलं, तर फोन चालू. कुलूप खरंच निघालं होतं! फक्त ज्यांना फोन करायचा, ती सगळी अंगणातच बसली होती.

शालू महिनाभर राहिली. ती चाकणला गेल्यावर त्या फोनचा उपयोग झाला. रोज संध्याकाळी मालकांना मी खाटेवर टेकवून बसवायची, आणि ते त्या डबीत नात बघायचे. ती कधी झोपलेली असायची. तरी बघायचे.

कंपनीला परत फोन केला नाही. त्यांच्याकडे तारीख तीच आहे. खरी मी इथं लिहून ठेवते. माझे मालक, भुजंग सखाराम उढाण, दोन फेब्रुवारी दोन हजार तेवीस, गुरुवारी, पहाटे घरीच वारले.