एक पराभव पाहिजे

पालमच्या बाजारात गुरुसिद्धप्पांचं किराणा दुकान आहे, आणि त्या दुकानात काटा मारत नाहीत ही गोष्ट अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. खुद्द गुरुसिद्धप्पांना ती जरा जास्तच ठाऊक आहे. सगळीकडे आकडे दाखवणारे इलेक्ट्रॉनिक काटे आले तरी त्यांनी जुना दोन पारड्यांचा तराजू सोडला नाही. साखर चिमूटभर कमी पडल्याची शंका आली, तर चौकापर्यंत गेलेल्या गिऱ्हाइकाला ते हाका मारून परत बोलावतात आणि चिमूटभर साखर त्याच्या पिशवीत टाकतात. गिऱ्हाईक मनातल्या मनात शिव्या घालतं, पण पुढच्या वेळी येतं इथेच.

असल्या माणसाच्या हातात मुलीचा कॉलेजचा अर्ज पडायलाच नको होता. पण त्रिवेणीची आई, म्हणजे त्या घरातलं एकमेव व्यवहारी माणूस, भाचीच्या लग्नासाठी उदगीरला गेली होती. ती घरात असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

अर्ज पुण्याच्या एका मोठ्या कॉलेजचा होता. तिथे खेळाडूंसाठी मोजक्याच जागा असतात. राहणं, खाणं, शिकणं सगळं कॉलेजकडे, आणि पळायला खराखुरा लाल ट्रॅक. त्रिवेणी नुकतीच बारावी झालेली आणि तीन हजार मीटर पळणारी. पालमच्या ज्या मैदानावर ती आजवर पळत आली, तिथे एका वळणावर म्हशी बसलेल्या असतात आणि त्या उठत नाहीत, पळणाऱ्यानेच वळसा घ्यायचा. पुण्याचं जमलं नाही तर गंगाखेडला बी.ए. करायचं आणि लग्न ठरेपर्यंत जमेल तेवढं पळायचं, हे कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण सगळ्यांना कळत होतं. त्रिवेणीला तर ते रोज सकाळी बूट बांधताना आठवायचं.

नाव, गाव, पदकं, सगळं सुरळीत भरून झालं आणि गाडी एका प्रश्नाशी अडली. 'खेळात प्रत्यक्ष घडलेल्या आपल्या एका पराभवाविषयी लिहा. त्यातून काय शिकलात?' आणि खाली बारीक अक्षरात, माहिती असत्य आढळल्यास अर्ज रद्द होईल. गुरुसिद्धप्पांनी चष्मा पुसून ती बारीक अक्षरं पुन्हा वाचली. त्रिवेणीची आजी चन्नबसम्मा शेजारी वाती वळत बसली होती.

"पोरगी कवा हारली म्हणून इचारायलेत व्हय?" ती म्हणाली. "लगीन जमवताना बी कुणी असं इचारत न्हाई."

अडचण अशी होती की त्रिवेणी कधी हरलीच नव्हती. शाळेत पहिली, तालुक्याला पहिली, जिल्ह्याला चार वर्षं पहिली, विभागाला घरच्यांनी यंदाच पाठवलं, तिथेही पहिली. राज्य स्पर्धेच्या वेळी तिला टायफॉईड झाला, म्हणून ती गेलीच नाही. तिला पळायला शिकवणाऱ्या संघप्रिया मॅडम म्हणाल्या, टायफॉईडचंच लिहा, काय बिघडतं, सगळी मुलं असंच काहीबाही लिहितात.

"मॅडम, आजारी पडणं म्हंजे हारणं न्हाई," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "त्यांनी पराभव मागितलाय. आपण टायफॉईड कसा द्यायचा? गिऱ्हाइकानं तूरडाळ मागितली तर मी हरभऱ्याची देतो का?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग गुरुसिद्धप्पांनी सगळ्यात सोपा उपाय सुचवला. मॅडमनी एक शर्यत घ्यावी आणि त्रिवेणीने तीत जरा हळू पळावं. यावर त्रिवेणीने बापाकडे असं पाहिलं की त्यांना आपलाच चेहरा आरशात बघितल्यासारखं झालं.

"मुद्दाम हारू? ते तर काटा मारणं झालं, अप्पा."

बापाने आनंदाने तो उपाय सोडून दिला. आता एकच मार्ग उरला होता. त्रिवेणीने जीव तोडून पळायचं आणि तरीही तिला कोणीतरी हरवायचं. असा कोणीतरी शोधायचा जिम्मा गुरुसिद्धप्पांनी अंगावर घेतला. अर्जाची मुदत संपायला आठवडा राहिला होता.

मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं रोज सकाळी पळतात. गुरुसिद्धप्पा त्यांच्याकडे गेले आणि माझ्या पोरीला हरवा म्हणून त्यांनी हात जोडले. पोरांनी हिशेब केला. जिंकलो तर पोरीला हरवण्यात कसला मोठेपणा, आणि हरलो तर गावात राहायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी एकाचा गुडघा दुखायला लागला, एकाची दाढ, आणि एकाला रानात कडबा न्यायची आठवण झाली. उरला एकटा बालाजी. तो खरंच जोरात पळाला, शेवटच्या वळणापर्यंत पुढेही होता. गुरुसिद्धप्पांचा जीव भांड्यात पडायलाच आला होता, तेवढ्यात बालाजी थबकला आणि त्याने त्रिवेणीला पुढे जाऊ दिलं.

"मला न्हाई जमायचं, काका," तो धापा टाकत म्हणाला. "राखी बांधती ती मला."

पराभव मिळायचा राहिला, वर एक खोटी जीत पदरात पडली. त्रिवेणी दिवसभर बालाजीशी बोलली नाही.

शेवटी संघप्रिया मॅडमनीच वालूरच्या सुकेशनीचं नाव काढलं. ही मुलगी जिल्ह्याला चारही वर्षं त्रिवेणीच्या मागे दुसरी आलेली. जिल्ह्यात त्रिवेणीला कोणी गाठू शकलं तर तीच. मॅडमनी तिला फोन करून सरावाची शर्यत आहे, येतेस का एवढंच विचारलं. त्रिवेणीबरोबर आणखी एकदा पळायला मिळतंय म्हटल्यावर सुकेशनीने दुसरं काही विचारलंच नाही. वालूरहून तीन एसट्या बदलत ती दुपारी जेवायच्या वेळेला पालमला पोचली. शर्यत उन्हं उतरल्यावर होती. मधल्या वेळात पाहुणी मुलगी चन्नबसम्माच्या ताब्यात आली.

आता चन्नबसम्माचं असं होतं की मुलाचा हा सगळा उद्योग तिला मुळीच मान्य नव्हता. आपल्या नातीला हरवायला परगावाहून माणूस बोलवायचं, हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. पण मुलाशी वाद घालण्यात तिने कधी वेळ घालवला नाही. तिने पहाटेपासून शेंगाच्या पोळ्या लाटल्या, गूळ-दाण्याच्या भरगच्च सारणाच्या. तुपाची बरणी पुढे घेऊन ती पाहुणीसमोर बसली. पाहुणीचं पोट एवढं भरायचं की ती मैदानावर चालत गेली तरी पुरे, असा तिचा साधा बेत होता. पाहुण्याला आग्रह करणाऱ्या बाईवर संशय तरी कोण घेणार?

पण सुकेशनीही चांगल्या वळणाची निघाली.

"मी एकटी न्हाई जेवत, आज्जी," ती म्हणाली. "त्रिवेणीलाबी बसवा."

चन्नबसम्माला त्रिवेणीचंही ताट मांडावं लागलं. त्रिवेणी बसली. शर्यतीच्या दिवशी लिंबूपाण्याखेरीज काही न घेणारी पोर, पण समोर पाहुणी जेवत असताना हात आखडता घेणं बरं दिसेना. आजी पाहुणीच्या ताटात एक पोळी टाकायची, की पाहुणी तिच्यातली अर्धी मोडून त्रिवेणीच्या ताटात. आजीने वाढायचा वेग वाढवला, तसा पाहुणीनेही वाटायचा वेग वाढवला. शिवाय सुकेशनी रोज रानात खुरपून आली की दोन भाकरी खाऊन तशीच पळायला जाणारी मुलगी. भरल्या पोटी पळणं तिच्या अंगवळणीच पडलेलं होतं. ही गोष्ट चन्नबसम्माला कोणी सांगितली नव्हती.

संध्याकाळी मैदानावर निम्मं पालम लोटलं, कारण बालाजीने गावभर सांगितलं होतं. कोण जिंकेल म्हणून कोणीतरी गुरुसिद्धप्पांना विचारलं. खोटं बोलायची सवय नसल्याने ते म्हणाले, सुकेशनी जिंकली तर लय बरं होईल. झालं, बापाला पोरगी पुण्याला पाठवायचीच नाही, ही बातमी म्हशींच्या वळणापर्यंत पोचली. दोघी-तिघी बायांनी तर त्यांच्याकडे बघून तोंडं फिरवली.

मॅडमनी शिट्टी वाजवली. पहिल्या काही फेऱ्या नेहमीसारख्या झाल्या, त्रिवेणी पुढे आणि सुकेशनी मागे. मग त्रिवेणीचा हात कुशीवर गेला. तिच्या पोटात शेंगाच्या पोळ्या बोलायला लागल्या होत्या. शेवटची फेरी सुरू झाली आणि सुकेशनी तिच्या बरोबरीला आली. म्हशींच्या वळणावर ती पुढे गेली.

ज्या क्षणासाठी गुरुसिद्धप्पा आठवडाभर उंबरे झिजवत होते, तो क्षण समोर आला होता. आणि हा सज्जन गृहस्थ खुर्चीवरून ताडकन उठला.

"तिरू, पळ! सोडू नको!"

ते धोतर सावरत मैदानाच्या कडेने पळत सुटले. एक चप्पल मागेच राहिली. पोरीने ऐकलं असेल नसेल, पण तिने दात-ओठ खाऊन जोर लावला. आणि हातभर अंतराने ती हरली.

गुरुसिद्धप्पा एका चपलेने तसेच मॅडमकडे गेले. शेवटची पांढऱ्या फक्कीची रेघ वाकडी आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. मोजून बघा, एका बाजूला वीतभर पुढं आलीया.

"काका," मॅडम म्हणाल्या, "तुमालाच पाहिजे होता ना पराभव?"

तेव्हा कुठे त्यांना आठवलं. ते तिथेच जमिनीवर बसले आणि बालाजीने त्यांची चप्पल आणून दिली. चन्नबसम्मा मात्र तडक घरी निघून गेली.

परतीची एसटी नव्हती, म्हणून सुकेशनी मुक्कामाला राहिली. त्रिवेणी ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसलेली. तिला हरायची सवय नव्हती आणि ते फार वाईट दिसत होतं. ही शर्यत धरायचीच नाही, पोट भरलेलं होतं, मी असलं काही लिहिणार नाही, असं तिने भिंतीला सांगितलं. गुरुसिद्धप्पांना समजूत काढता येईना, कारण मनातून त्यांनाही तसंच वाटत होतं. सुकेशनी तिच्याजवळ जाऊन बसली.

"मी तुझ्याकडून चार येळा हारले," ती म्हणाली. "माझ्याकडंबी दर येळी कारण होतं. एकदा बूट फाटला होता, एकदा ऊन लय होतं, एकदा ताप होता. चौथ्या येळंला लय हुडकलं, कारणच सापडंना. मग म्हणलं, ही पोरगी आपल्यापेक्षा जोरात पळती. तवा कुठं झोप लागली बग."

त्रिवेणीने भिंतीकडचं तोंड वळवलं. मग तिने विचारलं, पोळ्या तर तूही खाल्ल्यास, तुला कसं काही झालं नाही? सुकेशनीने रानातल्या भाकरीचं सांगितलं आणि दोघी हसायला लागल्या. आत चन्नबसम्माने ते ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. त्रिवेणीने आपलं उत्तर लिहिलं आणि कोणाला दाखवलं नाही.

सकाळी गुरुसिद्धप्पा पाहुणीला स्टँडवर सोडायला गेले. एसटीत चढता चढता सुकेशनीने खुशीत सांगितलं की तिनेही त्याच कॉलेजला अर्ज केलाय. पराभवाचं लिहून झालं होतं, 'सगळ्यात मोठं यश' एवढंच कोरं राहिलं होतं, तिथे आता कालची शर्यत लिहीन म्हणाली.

"लिहू ना, काका?"

गुरुसिद्धप्पांनी मनात हिशेब केला. म्हणजे आठवडाभर खपून त्यांनी बळकट केला तो वालूरचा अर्ज. नको म्हणावं, अशी इच्छा त्यांच्या मनात येऊन गेली. ती येऊन गेली याचीच त्यांना लाज वाटली.

"खरं हाय ते लिही, बाई," ते म्हणाले आणि तिच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. त्या दिवशी दुकानात त्यांचं वजन पहिल्यांदा चुकलं, तेही गिऱ्हाइकाच्या फायद्याचं.

महिन्याभराने दोघींनाही पुण्याला मुलाखतीला बोलावणं आलं. गुरुसिद्धप्पा दोघींना घेऊन गेले. दोघींचं बोलून झालं, आणि मग त्यांनाही आत बोलावलं. समोरच्या साहेबांनी विचारलं, मुलगी हरावी म्हणून तुम्ही शर्यत ठेवली होती, असं तुमची मुलगी सांगते, हे खरं का? संपलं, असं गुरुसिद्धप्पांना वाटलं.

"खरं हाय, साहेब," ते म्हणाले. "पण पराभव बी खरा हाय. लय जोरात पळली हो ती."

साहेबांनी दोन कागद उचलले आणि वाचून दाखवले. सुकेशनीने लिहिलं होतं, चार वर्षं मला पुढे एक लाल रिबीन दिसायची, ती गाठायची म्हणून मी रोज पळते. ती पोरगी पळताना मागे बघत नाही आणि कधी अंग चोरून पळत नाही. त्रिवेणीने लिहिलं होतं, मला पहिल्यांदा पुढे एका मुलीची पाठ दिसली. तिच्या शर्टाला मागे शिवण होती. चार वर्षं ती माझ्यामागे होती आणि मला ती शिवण माहीत नव्हती. एकीचा पराभव दुसरीची शिफारस झाला होता. मुलांच्या मास्तरांनीसुद्धा एवढी चांगली शिफारस कोणाची केलेली नाही, असं साहेब म्हणाले.  गुरुसिद्धप्पांनी खिशातून रुमाल काढला आणि घाम नसलेलं तोंड पुसलं.

दोघींचीही निवड झाली.

निघायच्या दिवशी सुकेशनी पालमलाच आली. एव्हाना उदगीरहून परतलेल्या त्रिवेणीच्या आईने हे सगळं ऐकलं होतं आणि माझ्या माघारी घर चालतं तरी कसं, असं विचारून झालं होतं. चन्नबसम्माने शेंगाच्या पोळ्यांचे दोन डबे बांधून दिले, एक मोठा आणि एक लहान.

"थोरला सुकेशनीचा," ती म्हणाली. "पाव्हणी हाय ती. तिथं गेल्या गेल्या शर्यत हाय म्हणं, पोटभर खा गं बाई."

त्रिवेणीने आजीकडे पाहिलं आणि मग बापाकडे. गुरुसिद्धप्पांनी दोन्ही डबे उघडले, पोळ्या काढून तराजूच्या दोन पारड्यांत ठेवल्या, आणि मोठ्यातल्या एकेक काढून लहानात घालायला लागले. दुकानाबाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. काटा मधोमध येऊन थांबेपर्यंत त्यांनी त्याला निघू दिलं नाही.