वानखड्यांची बिनचोकाची गाडी

दोन हजार तेवीस साल. मी बहात्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, पुढची पन्नास वर्षं हातात पाना. पण गाडीचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून ऐकून तिला काय झालंय ते सांगतो. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं खुशाल वाटून घ्यावं.

त्या वर्षी आमच्या खडकीच्या सोसायटीत रोज सकाळी सात वाजता एक माणूस पार्किंगमध्ये अनवाणी उभा राहून स्वतःचेच खिसे रिकामे करायचा. पेन, कंगवा, किल्ल्या, मोबाईल, चष्म्याचं घर, मनगटावरचं घड्याळ. सगळं कठड्यावर ओळीनं मांडायचा आणि मग गाडीत बसायचा. नवीन माणसाला वाटायचं, हा पोलिसांना शरण चाललाय.

हे वानखडे. माझ्या समोरच्या फ्लॅटमधले. मूळचे अमरावतीकडचे, पण सगळी नोकरी इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात. तिथं आत जाताना काडेपेटी, लोखंड, सगळं दारावर ठेवायचं, बूटसुद्धा बदलायचे. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी गाडी सुरू करताना यांचा तोच नियम.

मी एकदा म्हटलं, "अहो, ही गाडी आहे. तोफ नाही."

"बाप्पा, टाकीत पेट्रोल असते. मजाक आहे का?"

"मग सुरू झाल्यावर सगळं परत खिशात भरता ते?"

"सुरू झाल्यावर चालते. उडायची असती तर तेव्हाच उडाली असती."

यापुढं माझी चौथी चालेना.

नियम सगळ्यांना सारखा. त्यांच्या जावयाला एकदा पट्ट्याचं बक्कल लोखंडी म्हणून पट्टा काढायला लावला. पट्टा कठड्यावरच राहिला आणि जावई पुणे स्टेशनला पँट धरून उतरला. त्यानंतर तो रिक्षानंच येतो-जातो.

वानखड्यांची बायको, मंदावहिनी, त्या श्रावणात गेल्या. गाडी दीड-दोन महिने जागची हलली नाही. थंडी पडायला लागली तेव्हा हे एका सकाळी खाली उतरले, खिसे रिकामे केले, किल्ली फिरवली. सेल्फ जोरात फिरला. गाडी काही पेटली नाही.

मी गॅलरीत चहा घेत होतो. सेल्फ दणकून फिरतोय म्हणजे बॅटरी ठीक. इंजिन फिरतंय पण पेट घेत नाही, म्हणजे एकतर करंट नाही, नाहीतर पेट्रोल पोचत नाही. मी वरूनच ओरडलो, "चोक ओढा!"

"कशाचा चोक? या गाडीला चोक नाही!"

आता जुन्या, कार्बोरेटरच्या गाडीला चोक नाही म्हणजे म्हशीला शेपूट नाही म्हणण्यासारखं. पण हा गृहस्थ म्हणे, चोवीस वर्षं चालवतोय, आधीच्या मालकानं कधी सांगितलं नाही, मी कधी ओढला नाही, रोज एका सेल्फात सुरू होते. "हातात आहे ते, मेस्त्री. हात लागते त्याला."

मला राग आला आणि कुतूहलही वाटलं. चोक न ओढता थंडीच्या सकाळी चोवीस वर्षं ही गाडी सुरू कशी होत होती? पण मी न बोलावता कुणाच्या गाडीला हात लावत नाही. आणि ते मला बोलवेनात, कारण मी चपला काढणार नाही हे त्यांना माहीत होतं. अनवाणी मी फक्त देवळात जातो.

त्यांनी दुसरे मेकॅनिक आणले. एकानं प्लग बदलले, एकानं कॉइल. तिसरा पोरगा संगणक घेऊन आला, तो कुठं जोडायचा ते शोधत बसला आणि वायर गुंडाळून गेला. कधी भर दुपारच्या उन्हात गाडी आचके देत सुरू व्हायची. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. रोज दहा मिनिटं तो सेल्फ ऐकून माझा चहा कडू व्हायला लागला.

मी जिन्यात विचारलं, "जायचंय कुठं तुम्हाला रोज सकाळी?"

"कुठंच नाही. सुरू झाली पाहिजे."

मग सोसायटीच्या बोर्डावर कागद लागला. 'बंद वाहने ही पार्किंगची शोभा नव्हे. रविवारपर्यंत चालू करावीत, अन्यथा भंगारवाल्यास बोलावण्यात येईल.' सोसायटीत बंद वाहन एकच होतं.

शनिवारी सकाळी वानखडे माझ्या दारात उभे. दाढी वाढलेली.

"मेस्त्री, उद्या नेतील तिला."

"मी चपला काढणार नाही."

"मग राहू द्या." ते वळले आणि जिना उतरायला लागले. चार पायऱ्या उतरेपर्यंत मी दम धरला. मग चपला दारातच काढल्या आणि मागून गेलो. खिसे रिकामे केले. माझी तंबाखूची डबीसुद्धा कठड्यावर गेली.

आधी बॉनेट उघडलं. एक प्लग काढून सेल्फ मारायला लावला. निळी ठिणगी, ताजी. करंट आहे. प्लगचं टोक बघितलं, तर कोरडं ठणठणीत. पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येत होतं, पण गार इंजिनाला सुरू व्हायला पेट्रोल जास्त आणि हवा कमी लागते. ते काम चोकाचं. मी प्लग परत बसवला आणि डाव्या बाजूला बसून वाकून बघितलं. डॅशबोर्डच्या खाली, मधोमध, एक काळी गुंडी. अक्षरं पार पुसलेली, घासून घासून गुळगुळीत.

"हे काय आहे?"

"ती मंदाची खुंटी. हात नका लावू!"

"खुंटी?"

"कंपनीनं दिली आहे, बायांच्या पिशवीसाठी. सुरू होईपर्यंत मी तिला पिशवी मांडीवर घेऊ देत नसे. म्हणून या खुंटीला अडकवे. सकाळी तिच्याबिगर गाडी मी कधी काढली नाही. खुंटी जराशी बाहेर ओढून घेई, पिशवीचा बंद नीट बसावा म्हणून."

मी गुंडी ओढली. "मारा सेल्फ."

एका सेल्फात सुरू झाली. सगळी सोसायटी गॅलरीत आली. सेक्रेटरी टॉवेल गुंडाळून खाली आला, बघितलं, आणि स्वतःच्या हातानं बोर्डावरचा कागद काढून गेला.

वानखडे मात्र हसले नाहीत. म्हणाले, "म्हणजे तिच्या पिशवीनं सुरू होत होती?"

मला बिघाड अर्धा सोडता येत नाही. विचारलं, "वहिनी ही गुंडी परत आत कधी ढकलायच्या?"

"पिशवी तर सुरू झाल्याबरोबर मांडीवर घेई. खुंटी मात्र पुलापाशी. एक बोट लावून. मला वाटे, ढिली आहे."

"खुंटी असती तर पिशवी काढल्याबरोबर ढकलली असती. पुलापर्यंत थांबायच्या म्हणजे इंजिन तापायची वाट बघायच्या. त्यांना माहीत होतं, वानखडे."

इंजिन चालूच होतं.

"चोवीस वर्षं लोकांना सांगून राहिलो, माझा हात लागते म्हणून. ती शेजारी बसून ऐके. बोलली काहून नाही?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

"नाही," ते म्हणाले आणि किल्ली बंद केली.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी सात वाजले, सव्वासात वाजले, खालून सेल्फचा आवाज नाही. मी गॅलरीतून वाकून बघितलं. ते गाडीत बसलेले, दोन्ही हात स्टिअरिंगवर. त्या गुंडीपर्यंत हात सहज पोचला असता. पोचवत नव्हते.

मी खाली गेलो. चपला काढून, डावीकडचं दार उघडून आत बसलो.

"आता चोक समजला ना मला," ते म्हणाले. "तुमचं काय काम?"

"मला मंडईत जायचंय. बस मिळेना."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी समोर बघत गुंडी ओढली. आमच्या घरी भाजी आदल्या संध्याकाळीच आलेली होती. तरी मी मंडईतून पावशेर मिरच्या घेऊन आलो.