चेंडूआधी टॉवेल

काशीनाथ सरांकडे सॉफ्टबॉलचं पिचिंग शिकायला येणाऱ्या मुलीला पहिले दोन महिने चेंडू दिसतच नसे. मिळे तो ओला टॉवेल. हात खालून गोल फिरवायचा, मांडीजवळ मनगट झटकायचं आणि टॉवेलचा फटाक् आवाज काढायचा. रोज दोनशे वेळा. आवाज फुसका निघाला की सर कान झाकून घेत. "पोरी, हे मनगट आहे की केळं?"

माझी आई मखमलाबादहून मेथीच्या जुड्या घेऊन बाजारात येई. एकदा मैदानावर हा प्रकार पाहून ती म्हणाली, "टावेलच आपटायचा तर घरी लय धुणं पडलंय."

"पाठवा की," सर गंभीरपणे म्हणाले. दुसऱ्या दिवशी आईने खरंच दोन चादरी पाठवल्या.

सरांना मैदानाबाहेरचं जग नव्हतंच. घोड्यावर बसलेल्या एका नवरदेवाला त्यांनी भर वरातीत सांगितलं होतं, "उजवा खांदा पडतोय तुझा."

चार वर्षांनी माझा चेंडू कुणाच्याच बॅटला लागेनासा झाला. घरी ठरलं होतं: जिल्ह्याच्या संघात नाव आलं तर कॉलेज, नाहीतर लग्न.

नाव आलं नाही. माझ्या जागी एका साहेबांची मुलगी आली. तिने चेंडू कधी हातात धरला नव्हता. खेळाच्या सर्टिफिकेटवर बारावीला वाढीव गुण मिळतात, ते तिला हवे होते. आमच्याकडे हे सर्रास चालतं आणि याला चोरी म्हणायला कुणी धजत नाही. मी म्हणते.

मी पत्रक लिहिलं, सायक्लोस्टाइलवर शंभर प्रती काढल्या आणि सरांची सही घ्यायला मैदानावर गेले. सर त्याच मुलीला शिकवत होते!

"सर, लाज नाही वाटत?"

"स्पर्धेला सहाच दिवस उरलेत, तेवढ्यात पिचिंग येत नाही," सर म्हणाले. "पण तिथे ती एकटी उभी राहणार. समोरून फटका आला तर तोंड तरी वाचायला हवं ना? चेंडू परत येतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं गं."

मुलगी रडत होती. सरांनी बॅटने अलगद चेंडू मारला. तिने कसाबसा ग्लोव्ह तोंडासमोर धरला.

"शाब्बास!"

हा शब्द मी चार वर्षांत ऐकला नव्हता. मी पत्रक त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, सही केली आणि सहीखाली मी छापलेले 'जिल्हा प्रशिक्षक' हे शब्द नीट खोडले.

"हे कशाला, सर?"

"परवा तुझ्या नावावरून भांडलो. काढलं मला." त्यांनी पेन खिशाला लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू उद्या येशील ना? तशी काही गरज नाही. आपलं सहज विचारलं."

मी हो म्हणाले. उद्या सिन्नरचे पाहुणे मला बघायला येणार होते.