सुमनआत्याची विलायत

शहापूरच्या बाजारात माझ्या सुमनआत्याला एका हमालाच्या पोत्याचा चांगला जोरात धक्का बसला. तो काही म्हणायच्या आत आत्याच म्हणाली, "सॉरी हं!" हमाल थोडा पुढे गेला, थांबला, पोतं खाली ठेवलं आणि स्वतःचा खिसा चाचपून पाहिला.

"तिथं ज्याला धक्का बसतो तो सॉरी म्हनतो," आत्याने मला समजावलं.

"आणि देणारा?"

"तोपन म्हनतो. मग दोघं मिळून थोडा वेळ म्हनत ऱ्हातात."

'तिथं' म्हणजे इंग्लंडात. आत्या आमची खर्डीची. थोडी भातशेती, दोन म्हशी, नवरा लवकर गेलेला. एकुलती एक लेक नंदा नर्स झाली, नोकरीला इंग्लंडला गेली आणि तिथल्याच पीटरशी लग्न करून राहिली. तिच्या बाळंतपणाला आत्या गेली होती. गेली लुगड्यात, आलीही लुगड्यातच, वर फक्त एक तपकिरी कोट चढला होता. पण बोलायला लागली तेव्हा कळलं, बाई अजून पुरती परतलेली नाही.

आमच्याकडे दिवसा कुणाचं दार लागलेलं नसतं. आत्या त्या उघड्या दारावर टकटक करायची आणि बाहेरच उभी राहायची. आई चुलीपुढून ओरडायची, "अगो, ये ना आत! कुनाची वाट बघतंस?"

"येऊ का, ते पयलं विचारायचं असतं, वैनी. तिथं लेकीकडं जायचं तरी फोन करून जातात."

"लेकीकडं पन?"

"लेकीकडं पन," आत्या म्हणाली आणि त्या दिवशी चहा न घेताच गेली.

लाइनीचं तर वेडच. तिथे म्हणे एकटा माणूस असला तरी तो लाइन लावूनच उभा राहतो. एकदा रेशनच्या दुकानासमोर एक म्हातारा उभा होता. आत्या त्याच्यामागे पिशवी धरून उभी राहिली. बऱ्याच वेळाने म्हातारा वळून म्हणाला, "बाय, मी सावलीला उभा हाय. तुमी कशाला उभ्या?"

म्हसा गावच्या जत्रेत मी बैल बघायला गेलो, तर ही सोबत. एक जोडी मला आवडली. मी किंमत विचारणार, तेवढ्यात आत्याने कोपर मारलं. "लगेच पैशाचं काढू नये. पयलं हवेचं बोलायचं." आणि व्यापाऱ्याला म्हणाली, "आज ऊन छान पडलंय, नाय?"

व्यापाऱ्याने वर पाहिलं. "पडलंय."

"काल थोडं ढगाळ व्हतं."

"व्हतं."

"उद्या परत पडंल, असं वाटतंय."

"बाय," तो कळवळून म्हणाला, "तुमाला बैल घ्याचाय का ऊन?"

लोक हसायचे. पोरं तिला 'लंडनआत्या' म्हणायची. ती त्यांनाही थँक्यू म्हणायची.

मग एका हिवाळ्यात कळलं की नंदा, पीटर आणि त्यांची पाच वर्षांची लिली येणार. आत्याने मागच्या अंगणात कमोड बसवून घेतला. तो पाहायला सगळी आळी लोटली, तेव्हा तिने त्यांची लाइन लावली. मग सगळ्यांना ओसरीवर बसवून बजावलं, "पोरीचा गाल ओढायचा नाय. विचारल्याबिगर उचलायची नाय. तिथं पोराचं अंग पोराचं असतं."

ती मंडळी आली. सगळी आळी शहाण्यासारखी लांब उभी राहिली. आत्या मात्र पुढे झाली, लिलीसमोर उकिडवी बसली आणि दोन्ही हात पसरून म्हणाली, "मे आय?" एवढं इंग्रजी तिने किती घोकलं असेल, देव जाणे.

लिली आईच्या मागे सरकली. "नो, थँक्यू."

"ओके," आत्या म्हणाली. पसरलेले हात तिने पदराखाली घेतले.

"अगं आई, उचल की! लाजतेय ती," नंदा म्हणाली.

"नाय म्हनली ना ती."

मग रोज सकाळी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. तसं पोरगी आमच्या पोरांत मिसळली, म्हशींना गवत घालू लागली, त्यांच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवू लागली. आत्या उंबऱ्यात उभी राहून बघायची.

एका दुपारी मी गेलो तर लिली ओसरीवर खाटेवर झोपली होती. आत्या जवळ बसून पदराने माश्या वारत होती. पोरीचे केस घामाने कपाळाला चिकटले होते. आत्याचा दुसरा हात तिच्या डोक्याच्या वर, वीतभर अंतरावर, नुसता थांबलेला.

"फिरव की हात, आत्या. झोपलीय ती."

"झोपलेल्याला कसं विचारू रे?" ती हळूच म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "हिची पयली अंघोळ मीच घातली. या पायांवर. तवा कुठं कोनाला विचारलं व्हतं?"

हात तिने मागे घेतला.

जायच्या दिवशी दारात जीप उभी राहिली. सामान चढलं. पीटर सगळ्यांशी हात मिळवत होता, नंदा माझ्या आईच्या गळ्यात पडून रडत होती. लिलीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ती पायरीवरून उतरली, आपल्या बुटांकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ आत्यापुढे जाऊन एक पाय पुढे केला.

"आजी, प्लीज."

बुटाची नाडी सुटली होती. आत्या धुळीतच बसली. तो पाय तिने आपल्या मांडीवर घेतला. लिलीने तोल जाऊ नये म्हणून तिच्या खांद्याला धरलं. आत्या नाडी बांधू लागली. एवढी हळू की ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला.

नाडी बांधून झाली. आत्याने मान वर केली नाही. तिने लिलीचा दुसरा पाय मांडीवर घेतला, त्याची बांधलेली नाडी सोडली आणि नव्याने बांधायला घेतली.