दुसरी अक्का

"माझा कोट झाला का रे?" समोरच्या खिडकीतून अक्का ओरडल्या.

"अस्तर मिळालं नाही अजून!" अलीकडच्या खिडकीतून मास्तर ओरडले.

मधून एक ट्रक धडधडत गेला. अक्कांना त्यातलं फक्त 'अजून' ऐकू आलं, पण त्यांना तेवढं पुरलं. बरेच दिवस मास्तरांकडून दुसरं काही ऐकायला मिळतच नव्हतं.

मास्तर शाळेतले नव्हेत, शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान, आणि हात कोटावर बसलेला. अक्का ही त्यांची थोरली बहीण. दोघांची घरं समोरासमोर आणि मध्ये गल्लीतला रस्ता. रोज दुपारी अक्का काठी टेकत यायच्या, मशीनशेजारच्या स्टुलावर बसायच्या, भावाचा चहा पाणचट असतो असं सांगून दोन कप प्यायच्या आणि परत जायच्या. दोघांनाही आता जवळचं असं दुसरं कुणी उरलेलं नव्हतं, त्यामुळे दिवस म्हणजे तेवढा चहा. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे नुसताच वेळ असायचा.

मग मोठ्या रस्त्यावरचा पूल दुरुस्तीला काढला आणि सगळी वाहतूक या गल्लीत सोडून दिली. मोठ्या रस्त्यावर झालेला उशीर माणसं या गल्लीत भरून काढू लागली. पहिल्याच आठवड्यात गल्लीतलं म्हातारं कुत्रं गेलं. ते कुणाचंच नव्हतं, म्हणून कुणी रडलं नाही. पण खांबाखालची त्याची झोपायची जागा दिसली की लोक नजर फिरवायचे. त्यानंतर अक्का रस्त्याच्या मध्यावर असताना एक लाल गाडी इतकी खेटून गेली की हातातली काठी उडाली आणि तिचे दोन तुकडे झाले. अक्का तशाच मागे फिरल्या. काठी नवी आली, पण त्या काही पुन्हा रस्त्यावर उतरल्या नाहीत. तेव्हापासून भावाबहिणीचा चहा दोन खिडक्यांत, ओरडून चालला होता.

"मास्तर, एवढा घसा फोडण्यापेक्षा जाऊन या ना पलीकडे," शेजारचे चष्मेवाले एकदा म्हणाले. स्वतःच्या दुकानापेक्षा दुसऱ्याच्या घरातलं त्यांना अधिक स्पष्ट दिसायचं. "तुमचे पाय तर धड आहेत."

"पायांचा प्रश्नच नाही," मास्तर म्हणाले. "प्रश्न पायरीचा आहे."

पायरी म्हणजे अक्कांच्या घराची, म्हणजे दाजींच्या घराची. अक्कांचे यजमान नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभासाठी मास्तरांनी त्यांना कोट शिवून दिला होता. अक्कांच्या तपकिरी कोटाचं जे कापड, त्याच ताग्यातला. मास्तर टेपला हात लावत नसत. माप घ्यायचं ते नवशिक्यांनी, आपल्याला नजर पुरते, असं ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत. शिवाय दाजींची अंगकाठी अगदी त्यांच्यासारखीच, मग बघायचं तरी काय? दाजींनी कोट चढवला, हात पुढे केले आणि चारचौघांत म्हणाले, "बाही आखूड झाली हो." इथवर मास्तरांनी सोसलं असतं. पण दाजींनी तो कोट बाजारातल्या दुसऱ्या शिंप्याकडे उसवायला नेला. हे कळलं तेव्हा मास्तर जेवत होते. ते भरल्या ताटावरून उठले आणि म्हणाले, "या माणसाच्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही."

आणि चढले नाहीत. दाजी आजारी पडले तेव्हा नाही, आणि दाजी गेले त्या दिवशीही नाही. त्या दिवशी मास्तर खाली रस्त्यावर मान खाली घालून उभे होते, लोक त्यांच्या बाजूने आत जात होते, बाहेर येत होते. माणूस गेला, पण पायरी होती तिथेच राहिली.

तेव्हा अक्काच इकडे यायला हव्या होत्या, आणि त्यासाठी गाड्या हळू व्हायला हव्या होत्या. मास्तर चौकीवर गेले. तिथे वाहतूक हवालदार डबा उघडून बसला होता.

"गल्लीत गतिरोधक पाहिजे," मास्तर म्हणाले.

"कुणी गेलंय का?"

"कुत्रं."

"माणूस?"

"अजून नाही."

"मग बघू," हवालदार म्हणाला आणि त्याने घास घेतला.

घरी आल्यावर मास्तर बराच वेळ दुकानातल्या पुतळ्याकडे बघत बसले. कोट चढवून दाखवायचा तो पुतळा. त्याला डोकं नव्हतं, हात नव्हते, एका दांड्यावर तो वर्षानुवर्षं उभा होता. त्याच्या अंगावर अस्तरासाठी आलेला अक्कांचा कोट होता. मास्तरांनी कातरणाचं पोतं ओढलं आणि संध्याकाळपर्यंत डोकं शिवून काढलं. डोळ्यांना बटणं लावली, चष्मेवाल्यांकडून बिनकाचेची जुनी फ्रेम आणली, डोक्याला रुमाल गुंडाळला, हातमोज्यांत चिंध्या कोंबून हात केले आणि त्यातल्या एका हाताला काठी बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो पुतळा दाराबाहेर अगदी कडेला उभा केला, जरासा पुढे झुकवून. जणू म्हातारी आता पाय टाकणार.

परिणाम बघून मास्तरांना स्वतःच्या हाताचा पुन्हा एकदा अभिमान वाटला. गाड्या करकचून ब्रेक दाबू लागल्या. लाल गाडीवाला तर थांबून, हात जोडून "जा आजी, जा," म्हणाला आणि आजी जात नाही म्हणून बराच वेळ थांबून राहिला. एक टेम्पोवाला मनाने चांगला. तो खाली उतरला, म्हणाला, "चला, मी सोडतो पलीकडे," आणि त्याने म्हातारीचा हात धरला. हात त्याच्याबरोबर गेला. म्हातारी तिथेच राहिली. टेम्पोवाल्याला चष्मेवाल्यांच्या दुकानात बसवून पाणी द्यावं लागलं.

"अक्का, ये आता!" मास्तर खिडकीतून ओरडले. "बघ, सगळे थांबतायत!"

अक्का खिडकीत उभ्या होत्या. त्यांचं तोंड उतरलं होतं.

"माझा कोट त्या ठोकळ्याला घातलास?"

"तुझ्यासाठीच ना!"

"मी रस्त्यात मरून पडले असते तरी कुणी थांबलं नसतं माझ्यासाठी. आणि त्या चिंध्यांपुढे हात जोडतायत! तिलाच पाज तुझा चहा!" खिडकी बंद झाली.

हे मास्तरांच्या हिशेबात नव्हतं. त्यांनी नंतर पुष्कळ हाका मारल्या, पण खिडकी काही उघडली नाही. दुपारी त्यांनी चहा केला आणि सवयीने दोन कप भरले. दुसरा कप गार झाला. असं आठवडाभर चाललं, आणि आपल्याला एकट्याने चहा पिता येत नाही हे मास्तरांना या वयात कळलं.

इकडे बातमी पसरायला टेम्पोवाला पुरेसा होता. आधी लोक पुतळा बघायला गाड्या हळू करू लागले, म्हणून मागच्यांचे हॉर्न सुरू झाले. मग बघून झाल्यावर भीड चेपली. गल्लीतून जाणाऱ्या सगळ्यांना ती खोटी आहे हे ठाऊक झालं, तिला 'दुसरी अक्का' असं नाव पडलं, आणि गाड्या पूर्वीपेक्षा जोरात धावू लागल्या, कारण आता कडेला उभी असलेली म्हातारी खोटीच असणार याची प्रत्येकाला खात्री होती. कुणी हात हलवून जाई, कुणी दोनदा हॉर्न वाजवून. पार्सल पोचवणारा एक मोटारसायकलवाला जाताजाता तिच्या डोक्यावर टपली मारायचा. एके दुपारी त्याची टपली जरा जोरात बसली आणि डोकं उडून गटाराच्या कडेला पडलं.

मास्तर पुतळा आत घेऊन आले. दांडा काढून त्यांनी धड मशीनसमोरच्या खुर्चीत टेकवलं, आणि स्वतः स्टुलावर बसून डोकं मांडीवर घेतलं. सुईत दोरा ओवला. बाहेर आभाळ भरून आलं होतं, थंडी होती. मान शिवता शिवता ते म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही गं." मग ते आपण नक्की कुणाला म्हणालो याचा त्यांना प्रश्न पडला.

तेवढ्यात बाहेर ब्रेकचा किंचाळल्यासारखा आवाज झाला. मग धाडकन काहीतरी आदळलं. मग लोकांची पळापळ, आणि चष्मेवाल्यांचा आवाज, "म्हातारी! अरे, म्हातारी!"

लाल गाडीवाला कुणाला तरी कापऱ्या आवाजात सांगत होता, "ती पलीकडे उभी होती हो... मी हात केला नेहमीसारखा... आणि तिने काठी उचलली! पुतळ्याने काठी उचलली!"

मास्तरांनी मांडीवरच्या डोक्याकडे पाहिलं. पुतळा इथे होता. मग पलीकडे कोण होतं?

ते तसेच उठले आणि धावत सुटले. डावीकडे बघितलं नाही, उजवीकडे बघितलं नाही. दोन्हीकडच्या गाड्या मात्र जागच्या जागी थांबल्या, कारण एक म्हातारा हातात चष्मा लावलेलं एका बाईचं डोकं घेऊन रस्ता ओलांडत होता. त्या गल्लीत इतकी शांतता बऱ्याच दिवसांत झाली नव्हती. लाल गाडी खांबाला नाक लावून उभी होती. मास्तर तिच्या बाजूने गेले, पायरी चढले, उंबरठा ओलांडला आणि आतल्या खोलीच्या दारात उभे राहिले.

अक्का पलंगावर आडव्या नव्हत्या, चांगल्या धडधाकट स्टोव्हपाशी उभ्या होत्या.

"तुला... लागलं कुठे?" मास्तरांना धाप लागली होती.

"मला काय धाड भरलीय? गाडी खांबाला लागली. मेला हात हलवून दाखवत होता मला." अक्का वळल्या. भावाच्या पायांकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं. "चढलास पायरी."

मास्तरांनीही आपल्या पायांकडे पाहिलं.

"हातात काय आहे ते?"

"तू," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी डोकं टेबलावर ठेवलं.

"नाक बरं काढलंयस. बस, चहा टाकते."

खोलीत एकच खुर्ची होती, दाजींची. मास्तर तिच्या कडेवर बसले. मग त्यांचं अक्कांच्या अंगाकडे लक्ष गेलं. तपकिरी कोट, त्याच ताग्यातला. उजव्या बाहीची दुमड उसवलेली, दोरे लोंबत होते.

"हा..."

"यांचा. माझा तर त्या ठोकळ्याच्या अंगावर. थंडी वाजते माणसाला. म्हटलं, तिला थांबतात, मला बघू थांबतात का. एकही थांबला नाही रे."

"ती बाही... त्या बाजारातल्याने उसवली ती?"

"एकच उसवून झाली होती, तेवढ्यात यांनी कोट परत आणला. म्हणाले, मी उगाच चारचौघांत बोललो. ज्याने बेतलाय त्यालाच शिवू दे, येईल कधीतरी." अक्कांनी कपात चहा ओतला. "खुंटीला लावून ठेवला."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी बजावलं होतं. बोलावून नको, आपणहून येऊ दे म्हणाले. शेवटी शेवटी रोज विचारायचे, 'आला का गं?' मी तरी काय सांगणार? म्हणायची, येणार होता, पण रस्त्यावर गाड्या फार आहेत."

"तेव्हा कुठे होत्या गाड्या?"

"नव्हत्याच," अक्का म्हणाल्या.

मास्तरांनी कप तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. चहा संपला होता तरी घेतला नाही. अक्का खिडकीशी जाऊन उगाचच पडदा नीट करत राहिल्या. भावाला रडताना बघायची त्यांना लहानपणापासून सवय होती, पण त्याला कुणी बघितलेलं आवडत नसे हेही त्यांना ठाऊक होतं.

"काढ तो कोट," शेवटी मास्तर म्हणाले. सुई टेबलावरच्या डोक्याच्या मानेत दोऱ्यासकट टोचलेलीच होती. त्यांनी उजवी बाही उसवलेल्या मापावर नीट दुमडून शिवली, दोरा दाताने तोडला आणि स्वतः कोट चढवून दोन्ही हात पुढे केले. उजवी बाही मनगटाशी बरोबर आली. डावी, त्यांच्या नजरेच्या मापाची, मनगटाच्या बरीच वर थांबली.

"अक्का, बाही आखूड आहे."

"आहेच."

"डावी उद्या उसवतो."

"ये उद्या," अक्का म्हणाल्या.

निघताना अक्कांनी त्यांना कोट काढू दिला नाही. बाहेर थंडी वाढली होती. मास्तर पायरी उतरले आणि रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिले. लाल गाडी ओढून नेली होती, खांब जरा वाकला होता, बाकी सगळं पूर्ववत होतं. गाड्या सुसाट जात होत्या. मास्तर एक पाय पुढे टाकायचे आणि मागे घ्यायचे. शेवटी ते जरासे पुढे झुकून, मिळेल ती फट शोधत तसेच उभे राहिले. समोर त्यांच्या खिडकीत अक्कांचा कोट घातलेलं बिनडोक्याचं धड मशीनपाशी बसलं होतं, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं. इतकी वर्षं अक्कांना या बाजूने आपण असेच दिसत असू, असं मास्तरांच्या मनात आलं.

एक टेम्पो जोरात आला. चालकाने तपकिरी कोट पाहिला, डोकं बाहेर काढलं आणि शेजारच्याला म्हणाला, "हे बघ, आता म्हातारा पण आणून उभा केला!" दोनदा हॉर्न वाजवून, हात हलवून, तो वेग कमी न करता निघून गेला.

मास्तर वळले आणि पुन्हा पायरी चढले.

"अक्का, अजून एक कप टाक."

"काय रे, काय झालं?"

"रस्त्यावर गाड्या फार आहेत," मास्तर म्हणाले आणि दाजींच्या खुर्चीत नीट मागे टेकून बसले.