स्कूटरच्या बदल्यात राहीबाई

वृषालीला ओसरीत शिलाई मशीन ठेवायची होती आणि तिथं स्कूटर उभी होती. म्हणून एका रविवारी तलमडुगूच्या नागसेननं स्कूटर विकायचं ठरवलं. नागसेन हा शाळेतला क्लार्क. त्यानं आयुष्यात रद्दीशिवाय काही विकलं नव्हतं (आणि रद्दीवालाही त्याला दर वेळी फसवायचा). पण मोबाईलवर जाहिरात टाकली: "एकहाती वापर. झकास कंडिशन." हात एकच होता, हे खरं. कंडिशनबद्दल त्यानं फार विचार केला नाही.

दहाव्या मिनिटाला फोन आला. समोरचा माणूस हिंदीत गरजला, "मैं फौज से बोल रहा हूँ. गाडी पसंद है. कोड भेजता हूँ, स्कॅन करके पिन डालो, पैसा आ जाएगा."

नागसेन खुर्चीतून उठून उभाच राह्यला. देशाच्या सैनिकाशी बसून कसं बोलायचं? त्यानं कोड उघडला आणि पिनचे दोन आकडे दाबलेसुद्धा. तेवढ्यात वृषालीनं फोन हिसकावला.

"काय करून राह्यले?"

"पैसे येऊन राह्यले न!"

"किराणावाल्याकडं पिन टाकता तवा पैसे येतेत का जातेत?"

नागसेननं विचार केला. जातात.

इथपर्यंत ठीक होतं. घोळ पुढं झाला. घाबरलेल्या नागसेननं दुपारभर फसवणुकीचे व्हिडिओ पाह्यले. एकूण अकरा. एकात ट्रायलला नेलेली गाडी परत आलीच नव्हती. दुसऱ्यात मागं बसलेल्या मालकाला वाटेत ढकलून दिलं होतं. संध्याकाळपर्यंत त्याचा दूधवाल्यावरचा विश्वासही उडाला.

पुढच्या रविवारी जाहिरात पाहून नेरडीगोंड्याकडून दोन बस बदलून धोंडीबा आला. शेतकरी माणूस, सोबत बायको राहीबाई. धोंडीबानं स्कूटरच्या सीटवर हात फिरवला आणि म्हणाला, "एक चक्कर मारून पाह्यतो."

"आधी काहीतरी ठेवा," नागसेन म्हणाला.

"काय ठेवू?"

"आधार कार्ड."

"झेरॉक्स हाय."

"झेरॉक्स नकली असते."

"मंग तुमी बसा न मांगं."

"ढकलून देसान तं?"

धोंडीबानं डोकं खाजवलं. चपला ठेवाव्यात, तर एकीचा अंगठा तुटलेला. शेवटी राहीबाईच खाटेवर मांडी घालून बसली. "मी बसतो इथं. जा तुमी, या फिरून."

नागसेननं तिच्याकडं निरखून पाह्यलं (तपासणी म्हणजे तपासणी). "ह्या खऱ्याच बायको हायेत न तुमच्या?"

"खोटी असती तं इतकी भांडली असती का?" धोंडीबा म्हणाला आणि किल्ली घेऊन गेला.

एक तास झाला. दोन झाले. धोंडीबाचा फोन बंद. इकडं राहीबाईनं वृषालीसोबत मेथी निवडली, ठेच्यासंगं तीन भाकरी खाल्ल्या आणि कूलरसमोर आडवी झाली.

"पळाला!" नागसेन कुजबुजला. "बायको टाकून पळाला!"

"टाकून पळाला असेल तं त्याची चूक," वृषाली म्हणाली. "मेथी किती बारीक निवडते बाई."

नागसेननं खाटेकडं पाह्यलं. स्कूटर गेली ती गेलीच, वर ही ठणठणीत बाई जन्मभर पोसायची? आणि शाळेत सांगायचं काय? तो पायी पोलीस ठाण्यात पोचला.

"सर, माझी स्कूटर चोरीला गेली."

"कोणी नेली?" जमादारानं वही उघडली.

"ज्याची बायको माझ्या घरी हाय त्यानं."

जमादाराचा पेन थांबला. "त्याची बायको तुमच्या घरी काऊन?"

"ठेवून घेतली. गॅरंटी म्हणून."

जमादारानं पेन खाली ठेवला, टोपी चढवली आणि शांतपणे विचारलं, "आधी कोणती कम्प्लेंट लिहू? तुमची का तुमच्यावरची?"

नागसेन घरी कसा आला ते त्याला आठवत नाही. अंगणात एक टेम्पो उभा होता. त्यात सहा शेळ्या, शेळ्यांच्या मधोमध स्कूटर आणि स्कूटरला धरून घामानं निथळलेला धोंडीबा.

"तीन किलोमीटरवर बसली तुमची गाडी!" तो ओरडला. "ढकलून ढकलून कंबर गेली. फोनची बॅटरी बी गेली. हे झकास कंडिशन?"

"उतरवा गाडी," नागसेन म्हणाला.

"आधी बायको द्या."

"आधी गाडी."

"तुमचा काय भरोसा? आधी बायको!"

शेजारीपाजारी जमले. दोघंही हटेनात. एक शेळी मात्र शांतपणे स्कूटरची सीट खात होती. शेवटी असं ठरलं, की तीन म्हणताच इकडून राहीबाई निघेल आणि तिकडून गाडी उतरेल. धोंडीबानं मोजलं. एक. दोन. तीन. गाडी उतरली. राहीबाई आलीच नाही.

ती आत हात पसरून उभी होती आणि वृषाली तिच्या झंपराचं माप घेत होती. "थांबा न जराक," राहीबाई आतून म्हणाली. "बाही राह्यली."

बाही झाली, चहा झाला. वृषालीनं राहीबाईला सगळं खरं सांगून टाकलं होतं: वीस किका, आंधळा लाईट, ब्रेक दाबला की वाजणारा हॉर्न. जाताना राहीबाईनं नवऱ्याला बजावलं, "फुकट देली तरी घ्याची नाही." धोंडीबानं टेम्पोवाल्याचा मोबाईल मागून घेतला आणि नागसेनला स्कूटरशेजारी उभं करून फोटो काढला.

"हे कायले?" नागसेननं विचारलं.

"पुरावा असू द्यावा भाऊ. लय फसवणूक चालू हाय आजकाल."

सोमवारी शाळेत हेडमास्तर उद्धवराव सरांनी नागसेनला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि मोबाईल पुढं केला. मंडळातल्या गावोगावच्या प्रत्येक ग्रुपवर तो फोटो फिरत होता. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: "सावधान! हा इसम जुनी स्कूटर विकतो म्हणून बोलावते आणि बायका अडकवून ठेवते. पुढं पाठवा."

"सर, हे सारं खोटं हाय!" नागसेन कळवळला. "माझ्या मिसेसला विचारा. ती साक्षीदार हाय."

सरांनी बोटानं स्क्रीन वर सरकवली. "त्यांनीच पाठवलं मला."